मेमरी कार्ड घेताना ढिगात हात घालून पाहा

लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करून पोट भरणारा कोकणातला एक तरुण. स्वतःचा कॅमेरा हप्त्याने घेतलेला. ऐन हंगामात त्याने बाजारातून २५६ जीबीचे एक मेमरी कार्ड निम्म्याहून कमी किमतीत घेतले. पाकिटावर नामांकित कंपनीचे नाव होते, कार्ड कॅमेऱ्यात बसले, पडद्यावर २५६ जीबीचा आकडाही दिसला. मेंदी, निकाह, रुखसती सर्व काही चित्रित झाले. घरी येऊन कॉम्प्युटरला लावले, तर मेंदीच्या फाईली उघडल्या आणि निकाहपासून पुढची एकही फाईल उघडेना. फाईलींची नावे होती, आकार होता, पण आत काहीच नव्हते. वधूपित्याला काय सांगणार? रुखसती काही पुन्हा होत नसते. पैसे परत करावे लागले ते वेगळेच, पण त्या मोहल्ल्यातली पुढच्या लग्नांची कामेही गेली.

ही कथा एकट्या त्याचीच नाही. मोबाईल दुरुस्ती, मोबाईलचे सुटे सामान, फोटोग्राफी, लग्नाचे शूटिंग, सीसीटीव्ही बसवणे या धंद्यांत आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने आहेत. नखाएवढे हे कार्ड कोणी विकतो, तर कोणी त्याच्यावर आपली रोजी कमावतो. म्हणून ते कसे ओळखावे, कसे निवडावे आणि कसे वापरावे, हे दोघांनीही नीट समजून घेतले पाहिजे.

कॅसेट गेली, कार्ड आले

पूर्वी शूटिंगला मिनी डीव्ही कॅसेट लागत असे. एका कॅसेटवर एक तासाचे चित्रण बसे आणि त्याचा डेटा सुमारे १३ जीबी होई. म्हणजे १२८ जीबीच्या एका कार्डावर जवळजवळ दहा कॅसेटींचा माल राहतो. सोय मोठी झाली, तसा धोकाही मोठा झाला. कॅसेटची फीत अडकली तर दोन-चार मिनिटांचे नुकसान होई. कार्ड बिघडले तर संपूर्ण लग्न जाते.

जपानच्या मात्सुशिता (पॅनासॉनिक) व तोशिबा आणि अमेरिकेच्या सॅनडिस्क या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केले. मोबाईलमध्ये बसणारे मायक्रो एसडी त्याचेच धाकटे भावंड आहे. लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ मिलिमीटर आणि जाडी अवघी १ मिलिमीटर. आत दोन मुख्य गोष्टी असतात. एक म्हणजे माहिती साठवणारी फ्लॅश चिप, आणि दुसरी म्हणजे तिचा हिशेब ठेवणारी छोटी चिप, जिला कंट्रोलर म्हणतात. चिपला गोदाम समजा आणि कंट्रोलरला मुनीम. बनावट कार्डाचा सारा खेळ या मुनीमाला खोटे बोलायला लावण्याचा आहे.

कार्डावरील खुणांचा अर्थ

कार्डावर एसडी अक्षरांपुढे छोटी अक्षरे असतात. नुसते एसडी म्हणजे २ जीबीपर्यंत. एसडीएचसी म्हणजे २ च्या वर ३२ जीबीपर्यंत. एसडीएक्ससी म्हणजे ३२ जीबीच्या वर २ टेराबाईटपर्यंत. त्याच्याही पुढे १२८ टेराबाईटपर्यंतचा एसडीयूसी हा प्रकार २०१८ मध्ये जाहीर झाला आहे. दुकानदाराने यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, जुन्या मोबाईलमध्ये किंवा साध्या बटणांच्या फोनमध्ये एक्ससी कार्ड बहुधा चालत नाही. गिऱ्हाईकाचा फोन पाहून, त्याची मर्यादा तपासूनच कार्ड द्यावे. दुसरी, एखाद्या कार्डावर ६४ जीबी छापले असेल आणि शेजारी खूण मात्र एचसीची असेल, तर ते कार्ड घेऊ नये. ज्याने छापले त्याला आपण काय छापतो हेच माहीत नाही.

वेगाच्याही खुणा असतात. सी अक्षराच्या आत १० किंवा यू अक्षराच्या आत १ असेल, तर ते कार्ड सेकंदाला किमान १० एमबी सलग लिहू शकते. यू अक्षराच्या आत ३ किंवा व्ही३० असेल तर किमान ३० एमबी. व्ही६० आणि व्ही९० म्हणजे अनुक्रमे ६० आणि ९० एमबी. पाकिटावर मोठ्या अक्षरांत जो १००, १५० किंवा २०० चा आकडा असतो, तो बहुधा वाचण्याचा वेग असतो आणि तोही खास कार्ड रीडर असेल तरच मिळतो. शूटिंग करणाऱ्याला लिहिण्याचा वेग महत्त्वाचा. फोरके चित्रण पुष्कळ कॅमेऱ्यांत सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ एमबी या दराने होते. सी१० कार्ड येथे अपुरे पडू शकते, व्ही३० पुरून उरते. याच दराने ताशी ४५ जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबी कार्डावर सुमारे ८५ मिनिटे आणि १२८ वर त्याच्या दुप्पट. हा हिशेब करूनच कामाला निघावे.

मोबाईलमध्ये कार्डावर ॲप ठेवायचे असतील तर ए१ किंवा ए२ खूण पाहावी. ए२चा पूर्ण लाभ मात्र फोनची तशी सोय असेल तरच मिळतो. काही महागड्या कार्डांच्या पाठीवर पितळी पट्ट्यांची दुसरी ओळ असते. ती फक्त तशाच खाचेच्या कॅमेऱ्यात उपयोगी पडते. साध्या फोनसाठी असे कार्ड गळ्यात मारणे म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे वाया घालवणे आहे.

एक तक्रार दुकानात नेहमी येते : ‘६४ जीबीचे कार्ड दिलेत, कॉम्प्युटर ५९ दाखवतो.’ ही फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाईट धरते, तर कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो. त्यामुळे ६४ चे सुमारे ५९.६ आणि १२८ चे सुमारे ११९ दिसतात. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगितले तर वाद होत नाही.

बनावट कार्ड कसे फसवते

८ किंवा १६ जीबीची, अनेकदा नापास झालेली चिप घेतात. कंट्रोलरमध्ये फेरफार करून त्याला ‘मी २५६ जीबी आहे’ असे सांगायला लावतात. वर नामांकित कंपनीची छपाई करतात. फोन किंवा कॉम्प्युटर कंट्रोलरच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो. खरी जागा भरेपर्यंत सर्व ठीक चालते. त्यानंतर लिहिलेला माल एक तर कुठेच जात नाही, किंवा आधीच्या मालावर चढून त्यालाही बिघडवतो. म्हणून फोनच्या पडद्यावरील आकडा हा पुरावा नव्हे, आणि दोन गाणी टाकून पाहणे ही परीक्षा नव्हे.

खरी परीक्षा एकच आहे. कार्ड काठोकाठ भरायचे आणि सर्व माल परत वाचून ताडून पाहायचा. यासाठी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री हे प्रोग्राम मोफत मिळतात. सेकंदाला २० एमबी लिहिणाऱ्या १२८ जीबी कार्डाला भरण्यासच पावणेदोन तासांच्या वर लागतात, वाचायला आणखी वेळ. तेव्हा रात्री दुकान बंद करताना लावून जावे आणि सकाळी निकाल पाहावा. कार्ड रिकामे असतानाच ही तपासणी करावी.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जाताना त्यांनी ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पाऊस लागला, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणुकीबद्दल कडक ताकीद दिली. बनावट कार्ड हा असाच ढीग आहे. वरचे ८ जीबी कोरडे आणि आतले सर्व ओले. घाऊक माल घेताना वरचा नग तपासू नये. पेटीच्या मधून, तळातून दोन-चार नग काढून रात्रभर तपासावेत आणि मगच पूर्ण रक्कम द्यावी.

आणि तपासणीत माल खोटा निघाला तर? ‘मीही फसलो, आता खपवून टाकतो’ हा विचार मनात येतो. येथेच व्यापाऱ्याची परीक्षा आहे. न कळत विकलेला नग परत घेता येतो, माफी मागता येते. कळून विकलेल्या नगाला बरकत नाही. मापात घट करणाऱ्यांना कुरआनात ज्या सूरहमध्ये ताकीद दिली आहे, त्या सूरह मुतफ्फिफीनचा विषय केवळ तराजूपुरता आहे असे कोणी समजू नये. २५६ सांगून १६ देणे हीदेखील मापातील घटच आहे. कायदाही हेच सांगतो. ट्रेड मार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘फर्स्ट कॉपी आहे’ असे गिऱ्हाईकाला सांगून विकले तरी कायद्यातून सुटका होत नाही. माल पक्क्या बिलाने घ्यावा आणि पक्क्या बिलानेच द्यावा. पाकिटावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कमाल विक्री किंमत आहे की नाही ते पाहावे. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

कारागिराने पाळावयाच्या गोष्टी

शूटिंगसाठी एक मोठे कार्ड नेण्यापेक्षा दोन-तीन मध्यम कार्डे न्यावीत. निकाह एकावर, वलीमा दुसऱ्यावर. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी चित्रण घ्यावे. नवीन कार्ड तपासून झाल्यावर कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करावे. दिवा लुकलुकत असताना कार्ड काढू नये, कॅमेरा बंद करून मगच काढावे. काम संपल्यावर माल दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून, फाईली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. काही कॅमेरे लांब चित्रणाचे ४ जीबीचे तुकडे करतात. उतरवताना एखादा तुकडा मागे राहत नाही ना, हे मोजून घ्यावे. पावसाळ्यात व खाऱ्या हवेत कार्डे झाकणाच्या डबीत ठेवावीत आणि पट्ट्या कोरड्या मऊ कापडानेच पुसाव्यात.

दुकानात सीसीटीव्ही असेल तर त्यातील कार्ड रात्रंदिवस लिहीत असते. फ्लॅश चिप ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येते, म्हणून साधे कार्ड येथे लवकर झिजते. ‘हाय एन्ड्युरन्स’ असे लिहिलेले कार्ड याच कामासाठी असते. एक कॅमेरा २ मेगाबिटने चालत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. ६४ जीबीमध्ये तीन दिवसांचेच चित्रण राहते. चोरी झाल्यावर चौथ्या दिवशी शोधायला गेलात तर काही मिळणार नाही.

मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड फोनच्या अंतर्गत मेमरीत मिसळण्याची सोय आहे. असे केलेले कार्ड कुलूपबंद होते आणि दुसऱ्या फोनमध्ये वाचले जात नाही. फोन रीसेट करण्यापूर्वी हे पाहिले नाही, तर गिऱ्हाईकाचे सर्व फोटो कायमचे जातील.

चुकून फाईल पुसली गेली तर घाबरू नये, पण कार्ड ताबडतोब काढून ठेवावे. पुसताना फक्त यादीतले नाव जाते. नवे काही लिहिले नाही तर माल बहुधा आतच असतो. फोटोरेक या मोफत प्रोग्रामने तो पुष्कळदा परत मिळतो. ‘फॉर्मॅट करू का’ असे कॉम्प्युटरने विचारले तर नाही म्हणावे. आणि कार्ड म्हणजे कायमची तिजोरी नव्हे. वर्षानुवर्षे पेटीत पडलेल्या कार्डातील माल हळूहळू विरतो. जपून ठेवायचे ते हार्ड डिस्कवर आणि तेही दोन प्रतींत ठेवावे.

कार्ड ही अमानत आहे

पुसलेला माल परत मिळतो, याची दुसरी बाजूही आहे. गिऱ्हाईकाने मोबाईलसोबत दिलेले कार्ड, किंवा बदल्यात दिलेले जुने कार्ड, यात त्याच्या घरातील माता-भगिनींचे फोटो असतात. नुसते फॉर्मॅट करून ते दुसऱ्याला विकले तर ते फोटो परक्याच्या हाती पडू शकतात. म्हणून जुने कार्ड विकण्यापूर्वी पूर्ण जागेवर दुसरा माल लिहून घ्यावा. वर सांगितलेला तपासणीचा प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो, त्यामुळे हे कामही त्यातच बऱ्याच अंशी साधते. शूटिंग करणाऱ्याने चित्रण घरच्यांच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवू नये. दुरुस्ती करणाऱ्याने गरज नसताना फोटो उघडू नयेत, आणि दुकानातल्या पोरालाही हेच शिकवावे.

त्या कोकणातल्या तरुणाने पुढे काय केले, तेही सांगायला हवे. त्याने वधूपित्यापासून काही लपवले नाही. नातेवाईकांच्या मोबाईलमधले चित्रण घरोघर फिरून गोळा केले, जुळवून दिले आणि मजुरी घेतली नाही. आज तो प्रत्येक नवे कार्ड रात्रभर तपासल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. त्याच घराने दुसऱ्या मुलीच्या निकाहला त्यालाच बोलावले. धंद्यात खोट येते आणि भरूनही निघते. विश्वास मात्र राखावा लागतो, आणि तो राखला तर अल्लाह बरकत देतो.