एका दोऱ्याचं सुकाणू

संक्रांतीला वाशीम, कारंजा, रिसोडच्या गच्च्यांवरून जो पतंग चढतो, त्याला लांब शेपूट नसतं आणि दोराही एकच असतो. तरी उडवणारा त्याला डावी-उजवीकडे नेतो, गोता घ्यायला लावतो आणि नेमका दुसऱ्याच्या मांज्यावर आणून टेकवतो. श्रेय बोटांना मिळतं. पण निम्मं काम सामान करतं.

सामान मोजकंच. पातळ चौकोनी ताव, मधोमध उभी काडी, तिच्यावर वाकवून बसवलेली बांबूची कमान, कडा फाटू नयेत म्हणून दुमडीत चिकटवलेला दोरा आणि खालच्या टोकाला कागदी त्रिकोण. काडी ताठ हवी, कमान लवचिक. कारागिराची परीक्षा कमानीत होते: मध्यापासून टोकांकडे ती बारीक होत गेली पाहिजे आणि दोन्ही अंगांनी सारखी वाकली पाहिजे.

कारण सुकाणू तीच. दोरा खेचला की वाऱ्याचा दाब वाढतो, कमानीची टोकं मागे झुकतात आणि पतंग तोंड असेल तिकडे सरळ सुटतो. ढील दिली की कमान पुन्हा उलगडते. सपाट झालेला पतंग अस्थिर होऊन जागीच फिरू लागतो. तोंड हव्या दिशेला आलं की खेचायचं, एवढंच. लांब शेपूट लावलं तर हे फिरणंच बंद होईल.

पतंगाला मुख्य दोऱ्याशी जोडणाऱ्या कन्नीचा वरचा दोरा काडी-कमानीच्या जोडावर, खालचा काडीच्या खालच्या भागात. त्यांच्या लांबीतल्या फरकावर पतंग वाऱ्याला किती तिरपा उभा राहणार ते ठरतं, म्हणून जाणकार कन्नी बोटांनी मापून बांधतात. पतंग एकीकडे झुकत असेल तर विरुद्ध टोकाला कागदाची गुंडाळी अडकवतात.

हीच कसरत पाश्चात्त्य खेळाडू दोन दोऱ्यांनी करतात. इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी १९७०च्या दशकात असा ‘स्टंट काइट’ लोकप्रिय केला. आजच्या त्रिकोणी पतंगात कागदाऐवजी रिपस्टॉप कापड असतं; त्यातली जाड धाग्यांची चौकट फाटणं पसरू देत नाही. बांबूच्या जागी कार्बन तंतूंच्या नळ्या येतात, आणि पाठीमागचे छोटे टेकू कापडाचा फुगवटा धरून ठेवतात. उजवा दोरा ओढला की उजवीकडे वळण. हाताची हालचाल वर तत्काळ पोहोचावी म्हणून दोरे जवळजवळ न ताणले जाणाऱ्या पॉलिएथिलीन तंतूंचे. तिथे चिवट, ताठ सामान हवं. आपल्याकडे लवचिकपणातूनच वळण निघतं.

आणि दोरा तुटतो म्हणून खेळ होतो. सुती मांजाही काचेची पूड लावलेला, बोटं चिरणारा. पण पेचात तो कापला जातो, तेव्हाच ‘ओ काट’चा आरडाओरडा उठतो. नायलॉन मांजानं हाच हिशेब बिघडवला. तो पक्ष्याच्या पंखाशी आणि दुचाकीस्वाराच्या गळ्याशीही सहजी तुटत नाही, झाडांवर वर्षानुवर्षं लटकत राहतो. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली. तरी तो विकला जातोच. चक्री भरून घेण्याआधी दोऱ्याचं टोक पेटवून पाहावं: सुताची राख होते, नायलॉन वितळून टोकाला कडक गोळी धरतं. गोळी धरली तर ती चक्री दुकानदारालाच परत करावी.