कुलूप माझे, किल्लीही माझी!

आमच्या घराण्याला कुलपांचा नाद जुनाच. वाईच्या वाड्यातल्या तिजोरीची किल्ली वडील जानव्याला बांधीत, आणि लोणच्याच्या कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असे. वडिलांच्या किल्लीपेक्षा आईच्या किल्लीचा दरारा आम्हां भावंडांना अधिक वाटे, हे सांगायला नकोच! अशा घराण्यात जन्मलेल्या माझ्यासारख्या माणसाने स्वतःच घातलेल्या कुलपापुढे दहा दिवस डोके आपटून घ्यावे, यासारखी दुसरी नामुष्की नाही. तीच हकिगत आज वाचकांना सांगणार आहे. ती ऐकून कुणाचे दहा दिवस वाचले, तर माझी नामुष्की कारणी लागली असे मी समजेन.

सुरुवात झाली ती 2023 च्या पावसाळ्यात. बँकेची पासबुके, पॅन कार्ड, आधार कार्ड, घराचे खरेदीखत, मृत्युपत्राचा कच्चा मसुदा, असे सगळे मी अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये भरून ठेवले होते. एक दिवस दोन कागदांच्या प्रती काढायला गेलो आणि तो पेन ड्राइव्ह दुकानातच विसरून आलो. दोन दिवसांनी परत मिळाला. दुकानदाराने तो जपून ठेवला होता, त्याचे उपकारच. पण त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. घराची किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते; आपली जन्मतारीख आणि सही कशी बदलायची?

माझी भाची संगणकाच्या क्षेत्रात आहे. ती म्हणाली, ''मामा, पेन ड्राइव्ह हरवणारच. तो कुणाला सापडला तरी वाचता येऊ नये, अशी व्यवस्था करायला हवी.'' या व्यवस्थेला एन्क्रिप्शन म्हणतात. आपण तिला कूटलेखन म्हणू.

कल्पना आपल्याला परकी नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणून गुप्त लेखनाची एक कला आहेच. लहानपणी आपण सारेच 'च'च्या भाषेत बोललो आहोत. 'घर'चे 'चरघ', 'शाळा'चे 'चाळाश'. पण त्यात गोम अशी, की युक्ती कळली की गुपित संपले. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या डच गृहस्थाने 1883 साली नियम सांगून ठेवला, की युक्ती शत्रूला कळली तरी चालेल, फक्त किल्ली कळता कामा नये. आजचे सारे कूटलेखन याच नियमावर उभे आहे. डेमेन आणि रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांची पद्धत अमेरिकेने 2001 साली 'एईएस' या नावाने प्रमाण मानली. ती पुस्तकांतून उघड छापलेली आहे. पण तिच्या लहानात लहान किल्लीचेही प्रकार किती, तर 34 वर 37 शून्ये! एकेक करून पाहायला कुणाचेच आयुष्य पुरायचे नाही.

हे काम करणारे 'जीपीजी' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याची कुळकथाही रंजक आहे. फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थांनी 1991 साली 'प्रिटी गुड प्रायव्हसी' नावाचे कूटलेखनाचे साधन लोकांना खुले केले. तेव्हा अमेरिकेच्या कायद्यात असे साधन परदेशी धाडणे म्हणजे जवळजवळ दारूगोळा धाडण्यासारखेच होते! झिमरमन यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला. अखेर 1996 च्या आरंभी खटला न भरताच ती चौकशी बंद झाली. पुढे वेर्नर कोख या जर्मन गृहस्थांनी त्याच धर्तीवर 1997 साली जीपीजी लिहायला घेतले.

पण हे जीपीजी मुळात मुखदुर्बळ. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि आज्ञा आपण इंग्रजीत टंकायची. एक अक्षर चुकले की ते फणकारते. दोन संध्याकाळी मी त्याची मनधरणी केली आणि हात टेकले. मग भाचीने त्याच्यासमोर बसणारी एक बोलकी कारकून आणून दिली. तिचे नाव क्लिओपात्रा. खोलीत काम करणारे जीपीजीच. क्लिओपात्रा फक्त खिडकीशी बसून आपला अर्ज आत देते आणि उत्तर बाहेर आणते. आपण बटण दाबायचे, फाइल किंवा अख्खे फोल्डर दाखवायचे. मग ती तीन गोष्टी विचारते. हे तुमच्यापुरते बंद करू, दुसऱ्या कुणासाठी करू, की नुसत्या परवलीच्या शब्दाने करू?

दुसऱ्यासाठी बंद करण्याची रीत मोठी गमतीची आहे. आपल्या नावाची उघडी कुलुपे गावभर वाटून ठेवायची आणि किल्ली मात्र एकच, आपल्या घरी. कुणालाही ते कुलूप लावून पेटी आपल्याकडे पाठवता येते. उघडता येते फक्त आपल्याला. इंदूरच्या माझ्या छायाताईचे असे कुलूप मी मागवले. ते खरोखर तिचेच आहे ना, याची खातरजमा म्हणून तिने कुलपावरची 40 अंकाक्षरे मला फोनवरून वाचून दाखवली. मध्येच म्हणाली, ''अरे, रामरक्षा याहून लवकर संपते!''

पण घरच्या कागदांसाठी मी साधा परवलीचा शब्द निवडला. भाचीने बजावले होते, की जन्मतारीख नको, नातवाचे नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. मी घेतले. वाटली डाळ, छत्री, ओसरी, बुधवार. डाळीचा आणि वाटलीचा मिळून मी एकच शब्द धरला. इंग्रजी अक्षरांत ते दोनदा टंकले. क्लिओपात्राने क्षणात बंद फाइल हाती दिली. बंद करतानाच उघडून पाहावे म्हणून लगेच उघडली, तर शब्द न विचारताच ती उघडली! मला वाटले, यंत्राने मालकाला ओळखले. मी खुशीत मूळ फाइली पुसून टाकल्या, प्रतीही पुसल्या.

आणि इथेच माशी शिंकली.

2024 च्या पितृपंधरवड्यात आईची तिथी आली. 1986 साली मी कॅसेटवर आईच्या जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. आई 1991 मध्ये गेली. कॅसेटला पुढे बुरशी लागली. पण त्याआधी तो आवाज संगणकात उतरवून घेतला होता. 'घरचे' म्हणून जे फोल्डर मी कुलूपबंद केले, त्यातच तो होता. मौल्यवान ते सारे एके ठिकाणी, या हिशेबाने!

फाइल उघडायला गेलो. या खेपेला शब्द विचारला गेला. चारही शब्द आठवत होते. पण त्यांची इंग्रजी अक्षरे? 'वाटली'चा 'व' व्हीने लिहिला होता की डब्ल्यूने? 'आ'ला एक ए की दोन? 'छ'ला एच एक की दोन? 'ओसरी'चा शेवट आय की डबल ई? मोजून पाहिले, तर अशा शंकेच्या जागा सात निघाल्या. शिवाय शब्दांत मोकळी जागा सोडली होती की नाही, हा आठवा प्रश्न. म्हणजे 256 प्रकार. मी बसलो टंकत. कोणता प्रकार करून झाला, कोणता राहिला, याचा पत्ता नाही. दहा दिवस हेच.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, ''मामा, बंद केल्यावर काही मिनिटे तो शब्द यंत्राच्या आठवणीत राहतो. म्हणून तेव्हा विचारला नाही. संगणक बंद करून, पुन्हा सुरू करून मग तपासायचे होते.'' आणि जरा थांबून म्हणाली, ''याला मागचे दार नसते हो.'' कुठल्या कचेरीत अर्ज करावा, ओळखपत्र दाखवावे, रडावे, कशाचाही उपयोग नाही. चोराला जी भिंत, तीच मालकाला.

माझी समजूत घालायला ती आणखी एक गोष्ट म्हणाली. 1999 साली अमेरिकेत विटन आणि टायगर या दोन संशोधकांनी 12 जणांना असेच सुबक खिडक्यांचे साधन देऊन दीड तास बसवले. पत्र नीट कूटलिपीत घालून धाडणे जमले फक्त एकतृतीयांश लोकांना. तेव्हा माझ्यासारखे पुष्कळ आहेत! पण त्याने आईचा आवाज थोडाच परत मिळणार होता?

हे सारे आमची ही ऐकत होती. तिने विचारले, ''अहो, बँकेचे कागद ठीक आहेत. पण सासूबाईंचा आवाज कुलपात कशाला घातलात? तो कोण चोरणार होता?''

मला उत्तर सुचले नाही.

मग तिने जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले, वाण्याची यादी करावी तसे रकाने आखले आणि म्हणाली, ''आता एकेक प्रकार टंका, मी खूण करते. आणि हे पाहा, तुम्ही वाईचे. गावाचे नाव जन्मभर डब्ल्यूने लिहीत आलात, तुमच्या हातून 'व' व्हीने पडणारच नाही. छायाताईंच्या नावात तुम्ही दोन एच घालता, तेव्हा छत्रीलाही दोनच असणार.'' दोन शंका मिटल्या आणि 256 चे 64 झाले. तेविसाव्या खुणेला फाइल उघडली.

शेवटी ते कुलूप उघडले बायकोच्या आठवणीने. माझे अक्षर तिला माझ्याहून अधिक ठाऊक. परका चोर हा हिशेब कुठून मांडणार?

आता आमच्या घरी तीन नियम आहेत. कुलूप लावल्यावर संगणक बंद करून, पुन्हा सुरू करून उघडून पाहिल्याखेरीज मूळ फाइल पुसायची नाही. परवलीचा शब्द अक्षर न् अक्षर कागदावर लिहून पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा, आणि तो तिथे आहे हे हिला ठाऊक असले पाहिजे. उद्या माझे काही बरेवाईट झाले, तर तिने विम्याच्या कागदांसाठी कॅलेंडरवर रकाने आखत बसायचे काय? आणि तिसरा नियम हिचा. गुप्त ते कुलपात, मोलाचे ते दहा घरांत.

त्या वर्षी भाऊबीजेला छायाताई आली, धाकटा भाऊ आला. प्रत्येकाला ओवाळणीबरोबर आईच्या ओव्यांची एकेक प्रत दिली. तिला कुलूप नाही, शब्द नाही. फराळाची ताटे बाजूला सारून आम्ही सगळे ऐकत बसलो. जात्याची घरघर, मध्येच बांगड्यांचा आवाज. शेवटची ओवी संपल्यावर आई थांबते आणि म्हणते, ''बंद कर रे आता ते यंत्र, भात करपेल.''

छायाताई म्हणाली, ''पुन्हा लाव.''