सिंधुदुर्गात मूळचे काय उरले?

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसले की थोड्याच वेळात कुरटे बेट लागते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या जलदुर्गाचा पाया घातला आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. दरवाजा बुरुजांआड असा दडविलेला आहे, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही.

आत शिरताच पाहुणा विचारतो, राजवाडा कुठे? तो आता नाही. शिवराजेश्वराचे देऊळ राजाराम महाराजांनी बांधविले. पुढचा सभामंडप मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीचा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी बांधविलेला. चुन्यात उमटलेले हातापायांचे ठसे थोरल्या महाराजांचे म्हणून दाखवितात. लोक तेथे हात जोडतात, आम्हीही जोडतो.

पण मूळची वास्तू पाहावयाची तर तटाकडे वळावे. हा तट सुमारे तीन किलोमीटर, तोही नागमोडी. भिंतीला भिडलेल्या शत्रूवर बाजूच्या बुरुजावरून मारा करता यावा म्हणून. आणि याच तटात शौचकूप बांधलेले आहेत! पाहुणे नाक मुरडून पुढे जातात. आम्ही तेथे थांबतो. काजूच्या एका कारखान्यात कामकरी बायांसाठी एवढीच सोय मागताना आमच्या संघटनेची दोन वर्षे गेली. येथे पहारेकऱ्याची ही गरज बांधणाऱ्याने भिंत रचतानाच ओळखली होती.

तशाच दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरी. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, यात चमत्कार नाही. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडे पाणी खाऱ्याहून हलके, म्हणून ते वर राहते. उपसा बेताने केला तरच ते टिकते, हे जुन्या माणसांना ठाऊक होते.

किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत हा आहे. संरक्षित वास्तूच्या आवारात बांधकाम करावयाचे तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची परवानगी लागते. तट राखलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. आमचे मागणे एवढेच, की घराच्या डागडुजीसाठी कोणी परवानगी मागितली तर होय की नाही ते मे महिन्याच्या आत कळवावे. समुद्र खवळून होड्या बंद झाल्यावर कौले न्यावयाची कशी?