नेमलेली वेळ आणि न झालेले काम

माणसाला झोप लागते, संगणकाला लागत नाही. म्हणूनच रोज ठराविक वेळी करावयाची कामे संगणकावर सोपवून आपण निर्धास्त व्हावे, ही कल्पना फार जुनी आहे. १९७९ साली बेल प्रयोगशाळेने युनिक्स या कार्यप्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर काढली, तिच्यात ‘क्रॉन’ नावाचा एक छोटासा कार्यक्रम होता. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आल्याचे सांगतात. १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती लिहिली, आणि १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांच्यापासून सुरू झालेल्या लिनक्समध्ये आज जे क्रॉन आढळते ते बहुतांशी तिच्याच वंशातले आहे. क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, आपली यादी पाहतो, आणि त्या मिनिटाला नेमलेले काम असेल तर ते सुरू करून देतो. त्याचे कर्तव्य एवढेच.

या ‘एवढेच’ शब्दात पुष्कळ अर्थ भरला आहे. काम सुरू करून देणे आणि काम होणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरण विद्यार्थ्यांच्या परिचयाचे घेऊ. समजा, दादरा व नगर हवेलीत सिल्वासाजवळ डोकमर्डी येथे राहणाऱ्या काही मित्रांनी मिळून ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचा एक सर्व्हर चालविला आहे. घरातल्या जुन्या संगणकावर त्यांनी लिनक्स घातले आहे. संध्याकाळी दहा-पंधरा जण त्यावर जमतात, ठोकळ्यांवर ठोकळे रचून गावे, किल्ले, पूल उभारतात. महिनोन् महिने खपून उभारलेले हे सारे जग म्हणजे संगणकाच्या दृष्टीने डिस्कवरच्या काही फाइली. त्या बिघडल्या की जग बुडाले. म्हणून रोज पहाटे ४ वाजता या जगाची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घ्यावी आणि मग सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा, असे काम त्यांनी क्रॉनला नेमून दिले आहे.

खेळाच्या बॅकअपचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या संगणक-केंद्रास आग लागली. त्या आगीत ‘रस्ट’ या खेळाचे युरोपातील २५ सर्व्हर गेले आणि त्यांवरील माहिती परत मिळू शकली नाही. दुसरीकडे ठेवलेली चांगली प्रत हाच अशा वेळी एकमेव आधार असतो, आणि ती प्रत रोज निघते की नाही, हे बहुधा क्रॉनवर अवलंबून असते.

आता एके दिवशी आपले हे मित्र पाहतात तो काय, गेल्या तीन आठवड्यांत एकही प्रत निघालेली नाही. हाताने आज्ञा दिली तर प्रत नीट निघते, क्रॉनकडून मात्र निघत नाही. अशा वेळी दिसेल ते बदलून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत. क्रॉनने हाक दिली का? दिली असल्यास काम सुरू झाले का? सुरू झाले असल्यास पुरे झाले का? आणि पुरे झाले असल्यास त्याचा उपयोग आहे का? पहिल्याचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्याकडे जाऊ नये.

पहिला प्रश्न : हाक दिली का?

याचे उत्तर लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या रोजनिशीत असते. क्रॉन प्रत्येक काम सुरू करताना तेथे वेळ, वापरकर्त्याचे नाव आणि आज्ञा लिहून ठेवतो. चारच्या सुमाराची ओळ तेथे असेल तर हाक गेली, नसेल तर गेली नाही. सगळ्या तपासाचे अर्धे काम या एका पाहणीने होते.

ओळ नसेल तर प्रथम क्रॉन स्वतः चालू आहे ना, हे पाहावे. डेबियन व उबुंटू यांत त्याच्या सेवेचे नाव क्रॉन, तर रेड हॅटच्या घराण्यात क्रॉनडी असे असते. मग संगणक त्या वेळी चालू होता का, हे पाहावे. पहाटे वीज गेली असेल तर चारची वेळ निघून गेली, आणि साधा क्रॉन हुकलेल्या वेळेची भरपाई करीत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन हा निराळा कार्यक्रम आहे. नव्या लिनक्समधील सिस्टिमडीच्या टायमरमध्येही हुकलेले काम नंतर करण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते.

यानंतर वेळेची ओळ तपासावी. क्रॉनच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, प्रत्येक ओळीच्या आरंभी पाच रकाने असतात : मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि वार. पहाटे ४ साठी ‘० ४ * * *’ असे लिहितात. प्रत्यक्ष फाइलीत हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत. आधी मिनिट आणि मग तास, हा क्रम आपल्या बोलण्याच्या उलट असल्यामुळे पुष्कळांची गफलत होते. पहिल्या रकान्यात शून्याऐवजी फुली पडली तर चार ते पाच या तासात तेच काम साठ वेळा होते. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले तर दोन्ही जुळल्यावर काम होईल असे वाटते, पण क्रॉन त्यांपैकी एक जुळले तरी काम करतो.

सर्व्हर भाड्याचा असेल तर घड्याळाचा घोटाळाही संभवतो. असे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तेव्हा तेथे लिहिलेले ४ म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. आपल्या पहाटे ४ साठी तेथे आदल्या दिवशीचे रात्री १० वाजून ३० मिनिटे लिहावी लागतात, आणि सोमवारच्या पहाटेचे काम रविवारच्या खात्यात जाते. एका देशात दोन घड्याळे असली की काय होते, याचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई पुढे कित्येक वर्षे आपली ३९ मिनिटे मागची ‘मुंबई टाइम’ पाळीत होती. वेळ सांगताना कोणत्या घड्याळाची, हे विचारणे तेव्हा जितके आवश्यक होते तितकेच आजही आहे. सर्व्हरचे घड्याळ बदलले तर क्रॉनची सेवा एकदा पुन्हा सुरू करावी, नाहीतर तो जुन्याच वेळेने चालत राहण्याचा संभव असतो.

आणखी एक बारीक खोच. रोजची कामे ठेवण्यासाठी डेबियन व उबुंटूत एक खास डायरेक्टरी असते. तिच्यातील फाइलीच्या नावात टिंब असेल, उदाहरणार्थ ‘बॅकअप’ पुढे टिंब व ‘एसएच’, तर ती फाइल चालविली जात नाही आणि कोणी तक्रारही करीत नाही. टिंब व पुढची अक्षरे काढली की काम सुरळीत चालते.

दुसरा प्रश्न : काम सुरू झाले का?

लॉगमध्ये ओळ आहे, पण प्रत नाही, अशी स्थिती असेल तर दोष बहुधा परिस्थितीत असतो. हाताने चालते ते क्रॉनकडून का चालत नाही, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर येथेच आहे.

सिल्वासाच्या कारखान्यांत पाळ्यांवर काम करणाऱ्यांना हे चटकन पटेल. जुन्या कामगाराला ‘नेहमीच्या कपाटातला पाना घे’ म्हटले की पुरते. त्याच दिवशी पाळीवर आलेल्या नव्या माणसाला कोणते कपाट ते ठाऊक नसते. तो प्रामाणिकपणे शोधतो, सापडत नाही, आणि काम तसेच राहते. क्रॉन हा रोज नव्यानेच पाळीवर येणारा कामगार आहे. आपण संगणकावर नाव नोंदवून आत शिरतो तेव्हा आपल्या सवयीच्या अनेक गोष्टी शेल आपोआप वाचून घेते : आज्ञा कोठे शोधायच्या त्या जागांची यादी, म्हणजे ‘पाथ’, शिवाय भाषा, आपण ठेवलेली टोपणनावे वगैरे. क्रॉनला यांतले फारसे काही मिळत नाही. त्याचा पाथ अगदी तोकडा असतो आणि तो बॅशऐवजी एसएच हे साधे शेल वापरतो. म्हणून जावा दुसऱ्याच जागी बसविलेले असेल तर त्याला ते सापडत नाही, आणि बॅशची खास वाक्यरचना त्याला कळत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक आज्ञेचा व फाइलीचा पत्ता मुळापासून संपूर्ण लिहावा, आणि आज्ञावलीच्या आरंभीच योग्य त्या डायरेक्टरीत जावे. संशय असल्यास क्रॉनलाच एक मिनिटाचे काम द्यावे : ‘एन्व्ह’ ही आज्ञा चालवून तिचे उत्तर एका फाइलीत लिही. ती फाइल आणि आपल्या हाताने चालविलेल्या ‘एन्व्ह’चे उत्तर शेजारी ठेवले की फरक उघड दिसतो.

काम कोणाच्या नावाने चालते, हेही महत्त्वाचे. माइनक्राफ्टच्या सर्व्हरला सूचना देण्यासाठी तो बहुधा ‘स्क्रीन’ या कार्यक्रमात चालवितात. सर्व्हर एका वापरकर्त्याचा आणि क्रॉनटॅब रूटचा असेल, तर रूटला ते स्क्रीन सापडत नाही. उलट रूटने फाइली परत जागेवर ठेवल्या तर त्या रूटच्या मालकीच्या होतात आणि खेळालाच त्यांवर लिहिता येत नाही. तेव्हा ज्याचा खेळ त्याचाच क्रॉनटॅब, हा नियम ठेवावा.

टक्क्याचे चिन्ह तर अनेकांना चकविते. प्रतीच्या नावात तारीख यावी म्हणून ‘डेट’ या आज्ञेत ते वापरतात. परंतु क्रॉनटॅबच्या ओळीत त्या चिन्हाचा अर्थ ‘येथे ओळ संपली’ असा होतो आणि आज्ञा मध्येच तुटते. त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी, किंवा अधिक चांगले म्हणजे सारे काम वेगळ्या आज्ञावलीत लिहून क्रॉनटॅबमध्ये तिचा फक्त पत्ता द्यावा. ती आज्ञावली विंडोजवर लिहून आणली असेल तर ओळींच्या शेवटी राहणाऱ्या अदृश्य खुणेमुळेही ती अडते.

तिसरा प्रश्न : काम पुरे झाले का?

काम सुरू होऊन मध्येच थांबले तर क्रॉन काय करतो? आज्ञेने जे काही म्हटले असेल ते तो टपालाने मालकाला पाठवितो. पण घरच्या सर्व्हरवर टपालव्यवस्था बहुधा बसविलेलीच नसते. मग क्रॉन लॉगमध्ये एक ओळ टाकून तो मजकूर फेकून देतो. चुकीचे कारण होते, पण ऐकायला कोणी नव्हते. म्हणून आज्ञेचे सामान्य उत्तर आणि चुकांचा मजकूर, दोन्ही एका फाइलीत जमा होतील अशी तजवीज आरंभीच करावी.

ही गोष्ट केवळ नवशिक्यांची नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली गेली. बॅकअप शोधू जाता तो निघतच नव्हता असे आढळले : डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारा कार्यक्रम ९.२ आवृत्तीचा, त्यामुळे रोजचे काम रोज फसत होते. फसल्याची सूचना टपालाने निघत होती, पण प्रेषकाच्या खातरजमेच्या नियमांत न बसल्यामुळे ती टपाले नाकारली जात होती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कारणासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, ती कामी आली. मधल्या सहा तासांची माहिती मात्र गेली. गप्प बसलेला क्रॉन म्हणजे सुखरूप क्रॉन नव्हे, हे यावरून दिसते.

खेळाच्या सर्व्हरवर अर्धवट काम तर न झालेल्या कामाहूनही वाईट. प्रत घेताना फाइली बदलू नयेत म्हणून खेळाला आधी ‘सेव्ह-ऑफ’ सांगून आपोआप होणारी साठवण थांबवितात, मग ‘सेव्ह-ऑल’ने सारे डिस्कवर उतरवितात, आणि प्रत झाल्यावर ‘सेव्ह-ऑन’ म्हणतात. मध्येच डिस्क भरली आणि आज्ञावली थांबली, तर शेवटचे ‘सेव्ह-ऑन’ कधीच म्हटले जात नाही. खेळ चालू दिसतो, मंडळी रात्रभर बांधकाम करतात, पण डिस्कवर काही उतरत नाही. अशात वीज गेली की सगळे मुसळ केरात. म्हणून काम यशस्वी होवो वा फसो, ‘सेव्ह-ऑन’ झालेच पाहिजे, अशी रचना आज्ञावलीत हवी. जुन्या प्रती वेळच्या वेळी काढून टाकाव्यात, आणि आजचे काम संपण्याआधी उद्याचे त्यावर चढू नये म्हणून ‘फ्लॉक’चे कुलूप लावावे.

चौथा प्रश्न : त्याचा उपयोग आहे का?

प्रतीची फाइल आहे, तारीख आजची आहे, आकारही ठीक आहे. तरीही तपास संपला असे समजू नये. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या डायरेक्टरीत उलगडावी, तिच्यावर खेळ सुरू करावा आणि त्या जगात प्रत्यक्ष फिरून यावे. पूल जागेवर आहे, किल्ला उभा आहे, असे दिसले म्हणजे बॅकअप आहे, एरवी केवळ फाइल आहे. आणि ती त्याच डिस्कवर पडून असेल तर डिस्कबरोबर तीही जाईल. एक प्रत दुसऱ्या घरी, दुसऱ्या यंत्रावर असावी.

येथे खेळाचे उदाहरण घेतले, पण महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची नोंद असो, परीक्षेचे गुण असोत की पतपेढीचे हिशेब, रात्री आपोआप होणारी कामे सर्वत्र याच जातीची असतात. खेळात हे शिकलेल्या विद्यार्थ्याला उद्या नोकरीत ते निराळे शिकावे लागणार नाही. सांगितलेल्या मिनिटाला क्रॉन हाक देईल, त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. हाकेला उत्तर आले की नाही, हे सकाळी उठून पाहण्याचे काम मात्र त्याने कधीच अंगावर घेतलेले नाही. ते आपलेच आहे.