गळाची काठी घरी बांधायची, तर पहिला संच कोणता घ्यावा?

गळाची काठी बाजारात तयार मिळत असताना ती घरी बांधत बसण्याचा उपद्व्याप कोण करील, असे तुमच्यापैकी कित्येकांना वाटेल. कोकणात खडकावर बसून गरवणाऱ्याला तर हा प्रश्नच पडत नाही. बांबूची लवचिक काठी, शेंड्याला तंगूस, तंगुसाला गरी, झाले काम! पण त्याच काठीला रीळ लावायचे म्हटले की मामला बदलतो. रिळातून सुटलेला तंगूस शेंड्यापर्यंत विनाअडथळा जावा म्हणून काठीवर कड्या हव्यात, रिळाला पक्की बैठक हवी, हाताला मूठ हवी. हे सगळे आपल्या हाताच्या, आपल्या माशाच्या मापाने जमवणे, यालाच काठी बांधणे म्हणतात. अमेरिकेत हा छंद चांगला रुजला आहे आणि नवशिक्यांसाठी सगळे सामान एका खोक्यात घालून विकतात. असा संच निवडताना काय पाहावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आधी थोडी जुनी हकीकत. एकोणिसाव्या शतकात उत्तम काठी म्हणजे बांबूच्या सहा तिकोनी पट्ट्या तासून, चिकटवून केलेली षट्‌कोनी काठी. मौज अशी की, अमेरिकेतील कारागीर सुरुवातीला जो बांबू वापरीत तो आपल्याकडचाच. कलकत्त्याहून जाई म्हणून त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. पुढे दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि हा बांबूही तिला मिळेनासा झाला. तोवर काचतंतूच्या पोकळ काठ्या निघाल्याच होत्या. १९७३ च्या सुमारास कार्बनतंतूच्याही बाजारात आल्या. बांबू तासायला वर्षानुवर्षांचा सराव लागे. आता ती पोकळ नळी कारखान्यातून तयार येते. दुकानदार तिला ‘ब्लँक’ म्हणतात, आपण कोरी काठी म्हणू. तुमच्या वाट्याला राहते ती जुळणी.

तेव्हा संचात पहिली पाहायची ती कोरी काठी. आणि ती पाहण्याआधी स्वतःला विचारा, की मी कुठे बसणार आणि काय धरणार? हे ठरले नसेल तर संच घेऊच नका. काठीच्या दोन गुणांची नावे तुमच्या कानावर येतील, पॉवर आणि ॲक्शन. पॉवर म्हणजे काठी वाकवायला लागणारा जोर. ॲक्शन म्हणजे ती वाकते कुठून, नुसत्या शेंड्यातून की पार मधल्या भागातून. यांची गल्लत फार जण करतात. तलावातल्या मध्यम माशांसाठी साडेसहा-सात फुटांची, मध्यम जोराची, आठ ते बारा पौंडांचा तंगूस पेलणारी काठी पहिल्या खेपेला सोयीची. खाडीतल्या जिताड्यासारख्या दांडग्या गड्याशी गाठ घालायची असेल तर एक पायरी जड घ्या. काठी दोन तुकड्यांत जोडणारी असली तर उत्तम. सात फुटांचे एकसंध लांबडे एस.टी.त घेऊन चढून पाहा म्हणजे कळेल! परदेशातून मागवायची तर टपालखर्चही वाचतो.

काचतंतू की कार्बन? कार्बनची काठी हलकी आणि तरतरीत, पण खडकावर आपटली तर बारीक तडा जातो आणि ऐन वेळी मोडते. काचतंतूची जड, पण सोशिक. नवख्याने काचतंतूची घेतली तर त्यात कमीपणा नाही. मात्र कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली आणि गडगडाटात ती काठी हातात उभी धरू नका.

आता मुख्य गोष्ट. जुळणीतल्या काही चुका सुधारता येतात, काही येत नाहीत. आणि पैसे कुठे घालायचे ते यावरून ठरवा. मूठ आणि रिळाची बैठक इपॉक्सीने एकदा चिकटली की फोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून मुठीचे भोक त्याच काठीच्या मापाने कोरून दिलेले आहे ना, हे घेतानाच विचारा. नाहीतर बुचाची मूठ गोल कानशीने घासत बसावे लागते आणि भोक वाकडे झाले की मूठ फुकट. बैठकीचे भोक काठीपेक्षा बरेच मोठे असते. मधली फट भरायला चिकटपट्टीचे वेढे देतात. चिकटवण्याआधी सगळे कोरडेच घालून, रीळ बसवून, हातात धरून पाहा.

कड्यांचे उलट आहे. त्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेल्या असतात, चुकल्या तर सोडून पुन्हा बांधता येतात. पण त्यांच्या आतले कडे गुळगुळीत आणि कठीण हवे, नाहीतर तंगूस कापला जातो. म्हणून स्वस्त कड्यांचा संच टाळा. एका पायाच्या कडीला दोऱ्याची एक गुंडाळी पुरते, दोन पायांच्या कडीला दोन लागतात. शिकाऊ हाताला एका पायाच्या कड्या बऱ्या. मात्र जड काठीला, निदान रिळाजवळ, दोन पायांच्याच हव्यात. आधी कड्या पट्टीने तात्पुरत्या चिकटवा, तंगूस ओवा, शेंड्याला ओढून काठी वाकवा. कुठे तंगूस काठीला घासत असेल तर कड्या सरकवा. काठीच्या कोणत्या बाजूला ‘कणा’ आहे यावर जाणकार मंडळी तासन्‌तास वाद घालतात. तुम्ही त्यात पडू नका. डोळ्याजवळ धरून काठी ज्या रेषेत सरळ दिसेल त्या रेषेत कड्या बांधा.

दोरा गुंडाळायचे महागडे यंत्र काही संचांत असते. ते नको. बुटांच्या खोक्याला दोन खाचा पाडल्या की काठी टेकते, आणि दोरा एखाद्या जाड पुस्तकाच्या पानांतून ओढून घेतला की त्याला हवा तेवढा ताण मिळतो. आमच्या घरी हे काम जुन्या शब्दकोशाने केले. शब्दांसाठी तो इतका कधी उघडला गेला नसेल!

एका यंत्राला मात्र पैसे द्या, काठी सावकाश फिरवणाऱ्या छोट्या मोटारीला. दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप देतात तो ओघळू नये म्हणून काठी फिरती ठेवावी लागते. मोटार नसेल तर तीन-चार तास बसून, थोड्या थोड्या वेळाने, हाताने फिरवत राहावे लागते. या लेपाचे दोन भाग असतात. ते बहुधा समभाग घालावयाचे, पण बाटलीवरचे प्रमाण वाचा आणि पिचकारीनेच मोजा. संचात दोन पिचकाऱ्या, ब्रश आणि हातमोजे आहेत ना, हे पाहा. हे द्रव्य कातडीला लागत राहिले तर कायमची खाज जडू शकते.

हे मी पोथीतले सांगत नाही. माझ्या पहिल्या काठीला श्रावणात, पाऊस चालू असताना, चमच्याने अंदाजे मोजून लेप दिला. आठ दिवस गेले तरी तो गुळाच्या पाकासारखा चिकटच! शेवटी साऱ्या गुंडाळ्या काढाव्या लागल्या. पाते काठीवर न टेकवता कडीच्या पायावरून चालवायचे, म्हणजे दोरा कापला जातो आणि काठीला ओरखडा येत नाही, हे तेव्हा शिकलो. काठी वाचली, गेला तो दोरा आणि एक महिना. तेव्हापासून पावसाळ्यात मी मूठ घासतो, दोरा गुंडाळून ठेवतो, आणि लेप दसऱ्यानंतर देतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या.

शेंड्याची कडी तेवढी इपॉक्सीने चिकटवू नका. तीच आधी ठेचते आणि बदलावी लागते. उष्णतेने विरघळणाऱ्या डिंकाची कांडी संचात असते ती याचसाठी. कडी किंचित तापवली की सुटून येते. लेप दुसऱ्या दिवशी नखाला कडक लागेल, पण लगेच पाण्यावर धावू नका. आणखी काही दिवस काठी दोन खुंट्यांवर आडवी ठेवा, भिंतीला तिरकी टेकवू नका.