शेवाळातला बास

फ्लोरिडाच्या दक्षिण भागात ओकीचोबी नावाचं सरोवर आहे. विस्तार सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबई त्यात तीनदा बसेल. एवढ्या पसाऱ्याला खोली मात्र सरासरी तीन मीटरसुद्धा नाही. उथळ पाणी, कडक ऊन आणि तळापर्यंत पोचणारा उजेड असल्यावर व्हायचं तेच झालं आहे: काठाकडचं पाणी पाणकणसं, लव्हाळे, कमळणी आणि पाण्याखालच्या वनस्पतींनी भरून गेलं आहे. होडीचा पंखा अडकतो, गळ अडकतो, नवखा माणूस वैतागतो. आणि अमेरिकेतले बास माशाचे शौकीन नेमके इथेच येतात.

या हिरव्या गर्दीतली सगळ्यात वादग्रस्त वनस्पती आपल्या ओळखीची आहे. हायड्रिला. आपल्याकडच्या तळ्यांत, कालव्यांत ती सर्रास सापडते. गावात तिला सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतात. १९५०च्या दशकात ती श्रीलंकेतून फ्लोरिडात गेली, काचेच्या टाकीतल्या शोभेसाठी. टाकीतून कालव्यात, कालव्यातून सरोवरांत आणि पुढे टेक्सासपर्यंत पसरली. ह्यूस्टनच्या उत्तरेला लेक कॉन्रो आहे. तिथल्या हायड्रिलाचा बंदोबस्त करायला १९८१-८२मध्ये सुमारे २ लाख ७० हजार गवत्या मासे सोडले. त्यांनी काही वर्षांतच हायड्रिला आणि तिच्याबरोबर बाकीच्याही पाणवनस्पती फस्त केल्या. काठावरच्या घरमालकांना हायसं वाटलं, बासवाल्यांनी कपाळाला हात लावला. हा तंटा तिथे अजून ठिकठिकाणी चालू आहे.

बासला या जंगलाचं एवढं प्रेम का? लार्जमाउथ बास पाठलाग करून दमणारा मासा नाही. तो दबा धरतो. पानांच्या सावलीत स्थिर उभा राहायचं आणि ब्ल्यूगिल या छोट्या माशाचं पिल्लू किंवा झिंगा टप्प्यात आला की तोंड उघडायचं. तोंड इतकं मोठं की भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं. शिवाय दिवसा हिरवी वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडते. हायड्रिला वर पोचली की पृष्ठभागावर आडवी पसरते आणि दुधावर साय धरावी तसा जाड थर धरते. वरून बघणाऱ्याला वाटतं, खाली सगळं गच्च असणार. प्रत्यक्षात उजेड अडल्यामुळे थराखाली बरीच मोकळी जागा उरते. भर दुपारी मोठा बास त्या अंधारात असतो.

कुजलेल्या, तपकिरी पडलेल्या थराकडे मात्र फिरकू नये. कुजताना वनस्पती प्राणवायू खाते आणि मासे तिथून निघून जातात.

आता सामानाचं. दुकानात शिरलेला माणूस आधी रंगीत ल्युअरकडे, म्हणजे नकली आमिषाकडे वळतो, मग गळ बघतो, आणि दोर सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात घेतो. शेवाळात हा क्रम पार उलटा हवा. मोकळ्या पाण्यात बास गळाला लागला की खेळवता येतो. शेवाळात त्याला खेळवायला जागाच नसते. लागला की तो डोकं खाली घालून देठांत घुसतो. दोन किलोच्या माशाबरोबर चार किलो हिरवळ ओढायची असते. म्हणून आधी दोर, मग रॉड, मग गळ आणि शेवटी ल्युअर.

दोर ब्रेडेडच हवा, ५० ते ६५ पौंड ताकदीचा. माशाचं वजन पाहता हा आकडा अचाट वाटतो, पण हिशोब माशाचा नाही, गवताचा आहे. आपला नेहमीचा नायलॉनचा तंगूस ताणला की लांबतो. तीस मीटरवर बासने तोंड मारलं तर तुमच्या झटक्याचा बराचसा जोर त्या लांबण्यातच जातो आणि गळ रुतत नाही. पॉलिथिलीनच्या धाग्यांचा विणलेला दोर जवळजवळ ताणत नाही. वर, ताण आला की तो हायड्रिलाचे कोवळे देठ कापत येतो. तो पाण्यावर तरंगतो, हाही थरावर गरवताना फायदाच. नितळ पाण्यात, विरळ शेवाळात फ्लोरोकार्बनचा दोर बरा, कारण तो कमी दिसतो. जाड थरावर मात्र दोर दिसण्याची चिंता करू नये. माशाला वर गवत दिसतं, त्यातच एक काडी जास्त.

रॉड सात ते साडेसात फुटांचा, हेवी म्हणतात त्या ताकदीचा, फक्त टोकाकडे वाकणारा. रीळ आडव्या चकरीचं, बेटकास्टर. हँडलच्या एका फेऱ्याला चकरी सात-आठ वेळा फिरेल असं. वेग लागतो तो ढिला पडलेला दोर झटकन गोळा करून माशाचं डोकं वर ठेवण्यासाठी. ड्रॅग, म्हणजे ताणाखाली दोर सोडणारा रिळाचा ब्रेक, जवळजवळ पूर्ण आवळलेला. मोकळ्या पाण्यात याच सवयीने दोर तुटेल. इथे दोर सोडला तर मासा गेला.

ल्युअरमध्ये पहिला मान बेडकाचा. मऊ, पोकळ प्लास्टिकचा बेडूक. पाठीला घट्ट चिकटून वर वळलेले दोन गळ. तो पानांवरून, देठांवरून घसरत येतो आणि अडकत नाही, कारण गळाची टोकं अंगाशी झाकलेली असतात. बासच्या जबड्यात दाबला गेला की पोकळ अंग चेपतं आणि गळ उघडे पडतात. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती बासच्या सामानात दुसरी नाही, असं माझं मत आहे.

बेडूक लांब फेकायचा, थरावरून तुटक हलवत आणायचा आणि जिथे पाण्याचा उघडा डोळा दिसेल तिथे थांबवायचा. थांबवणं महत्त्वाचं. थराखालून चाहूल घेत आलेला बास त्या भोकाशी गाठतो. पाणी फुटतं, गवत उडतं आणि गरवणारा त्याच क्षणी रॉड ओढतो. इथेच सगळ्यात जास्त मासे हुकतात. बासने कधी कधी नुसती धडक मारलेली असते, कधी बेडूक तोंडात पूर्ण गेलेला नसतो. दोराला वजन जाणवलं की मगच, आणि मग जीव खाऊन ओढायचं. हुकलाच तर बेडूक परत त्याच भोकात टाका किंवा बिनवजनाचा मऊ प्लास्टिकचा गांडूळ सोडा. पुष्कळदा तोच मासा परत येतो.

नवा बेडूक थेट वापरू नये. दोन्ही गळ पकडीने जरासे बाहेर वळवावेत, रबरी झालरीचे पाय आखूड करावेत आणि काही फेकींनंतर अंग दाबून आत शिरलेलं पाणी काढावं. रंगाचं सांगायचं तर पाठीवरचे ठिपके आणि पट्टे आपल्यासाठी असतात, गिऱ्हाइकासाठी. बास खालून बघतो. त्याला फक्त पोट दिसतं, तेही उजेडाच्या विरुद्ध. जाड थरावर काळा, उघड्या भोकांजवळ पांढरा. दोन पुरेत.

थराच्या वरून काम होत नसेल तर थर फोडून खाली जायचं. याला पंचिंग म्हणतात आणि त्याची मुळं कॅलिफोर्नियात आहेत. डी थॉमस हा तिथला मच्छीमार लांबलचक रॉडने, दोर न फेकता, लव्हाळ्यांच्या बेचक्यांत अलगद आमिष सोडायचा. १९७५मध्ये आर्कान्सामधल्या बुल शोल्स सरोवरावरची बासची स्पर्धा त्याने याच पद्धतीने जिंकली आणि पूर्वेकडच्या मंडळींचे डोळे उघडले. स्पर्धांत रॉडच्या लांबीला आठ फुटांची मर्यादा आली ती या लांब रॉडांमुळेच. फ्लिपिंग नावाने ती पद्धत रुळली आणि पुढे जड वजन लावून तिचं पंचिंग झालं.

पंचिंगला ३० ते ५५ ग्रॅमचं टंगस्टनचं वजन लागतं. शिसं स्वस्त पडतं, पण टंगस्टनची घनता शिशाच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा गोळा लहान होतो आणि लहान गोळा थरातून सहज घुसतो. वजन दोरावर सरकू नये म्हणून वर रबराची गुंडी घट्ट बसवायची, नाहीतर वजन खाली जातं आणि आमिष वरच अडकतं. आमिष आखूड आणि गुळगुळीत, लोंबणारे पाय कमी. गळ सरळ दांड्याचा, जाड तारेचा. वाकड्या दांड्याचा गळ या ताकदीला उघडतो. आणि आमिष खाली जातानाच लक्ष दोरावर हवं, कारण बहुतेक तोंडं पहिल्या उतरणीतच पडतात. तळाला टेकलं, दोनदा उचललं, काही नाही? बाहेर काढा आणि पुढचं भोक पाडा.

गळाचं टोक प्लास्टिकच्या अंगातच परत लपवण्याची जी जोडणी इथे वापरतात तिला टेक्सास रिग म्हणतात. निक क्रीम यांनी १९४९मध्ये ओहायोतल्या ॲक्रनमध्ये प्लास्टिकचा गांडूळ तयार केला, आणि टेक्सासच्या बुडालेल्या झाडांनी भरलेल्या तलावांनी तो कसा जोडायचा ते शिकवलं. विरळ शेवाळात आजही मी पहिली फेक याचीच करीन: गळ, पाच ग्रॅम वजन, गांडूळ.

बाकीच्यांचं थोडक्यात. शेवाळ पाण्याच्या वर आलेलं नसेल तर त्याच्या शेंड्यांवरून स्पिनरबेट किंवा पात्याचा जिग ओढावा. थंडी सरताना शेंड्यांना घासत रॅटल-ट्रॅपसारखी खुळखुळणारी ल्युअर आणावी आणि अडकली की झटका देऊन सोडवावी. त्या सुटण्याच्या क्षणालाच बास झडप घालतो. उघड्या तीन काट्यांची ल्युअर जाड थरावर नेणं मात्र निव्वळ हट्ट आहे.

कुठे टाकायचं हेही सामानाइतकंच मोलाचं. मैलभर एकसारखी हिरवळ दिसली तर ती सगळी चाळत बसू नये. जिथे दोन वनस्पती भेटतात, जिथे थराला टोक निघतं, जिथे तळ एकदम खोल होतो, तिथे बास. आणि कान उघडे ठेवावेत. थराखाली ब्ल्यूगिल पानांवरचे किडे टिपत असले की बारीक चुटचुट ऐकू येते. जिथे ब्ल्यूगिल जेवतात तिथे त्यांना जेवणारा लांब नसतो. ओकीचोबीवर मगरीसारखे ॲलिगेटर आहेत आणि त्यांनाही बेडूक आवडतो. पाण्यात दोन डोळे वर दिसले तर जागा बदला.

तिकडे राहणाऱ्या वाचकांसाठी: परवाना काढल्याशिवाय गळ टाकू नका. फ्लोरिडात माणशी दिवसाला पाच बास ठेवता येतात आणि त्यांतला एकच १६ इंच किंवा त्याहून मोठा. नियम बदलतात, निघण्याआधी पाहून घ्या. होडी पाण्याबाहेर काढली की ट्रेलरला चिकटलेली हायड्रिला तिथेच काढून टाका. टेक्सासमध्ये ती घेऊन फिरलात तर दंड होतो. धरून सोडून देण्याची रीत १९७२मध्ये स्पर्धांचे आयोजक रे स्कॉट यांनी बासच्या स्पर्धांत आणली. तीही पाळलेली बरी.

आणि महाराष्ट्रात? बास इथे आणायचा विचारही नको. जपानमध्ये तो १९२५मध्ये आशी सरोवरात सोडला. पुढे देशभर पसरून त्याने स्थानिक माशांची अशी धूळदाण केली की २००५मध्ये त्याच्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. आपल्याकडे शेवाळात दबा धरणारा स्वतःचा मासा आहे: मरळ. कमळांच्या तळ्यांत, जुन्या खाणींच्या पाण्यात, कालव्यांच्या कडेला. जपानी शौकीन मरळीच्याच कुळातल्या माशासाठी कमळांच्या पानांवरून हाच पोकळ बेडूक ओढतात आणि आपल्याकडेही तो चांगला चालतो. दोर तोच, रॉड थोडा आखूड चालेल. मरळीला बासला नाहीत तसे धारदार दात असतात, तेव्हा बेडूक लवकर फाटतील, आणि गळ सोडवायला लांब पक्कड जवळ हवी; बोट घालू नका. जिवंत बेडूक गळाला लावायची जुनी पद्धत आता सोडावी. प्लास्टिकचा तेवढंच काम करतो.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा मधूनच वर येताना दिसेल. त्याच्याखाली आईबाप राखण करत असतात आणि बेडूक टाकलात तर ते हमखास तोंड मारतील, भुकेने नव्हे, पिल्लं वाचवायला. तिथे फेकू नका. आईबाप गेले की तो थवा बाकीचे मासे फस्त करतात, आणि पुढच्या वर्षी त्या तळ्यात बेडूक ओढून काही मिळत नाही.