आधी शिंपला जगवा

एका कृषी प्रदर्शनात काचेच्या डबीत गणपती पाहिला. अंगठ्याच्या नखाएवढा, उठावाचा, अंगावर अस्सल मोत्याची झळाळी. हा शिंपल्यातच तयार होतो, असं विक्रेता सांगत होता. स्वाती नक्षत्रातल्या थेंबाचा मोती होतो, हे लहानपणी ऐकलेलं. पण त्या थेंबाला सोंड कशी फुटते ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शेतीचा ऑनलाइन कोर्स लावला.

सोंडेचं कोडं लवकरच सुटलं. गणपती साच्यातला, शिंपल्याच्या भुकटीपासून केलेला. कवचाला आतून एक पातळ मांसल पडदा चिकटलेला असतो, त्याला मँटल म्हणतात. पडदा आणि कवच यांच्यामध्ये ही मूर्ती सरकवायची. कवचाचा चकचकीत थर, नेकर, घडवण्याचं काम मँटलचंच. मग तो मूर्तीवरही नेकर चढवत राहतो. चीनमध्ये शिंपल्यांत बुद्धमूर्ती ठेवून त्या अशाच मढवून घेण्याची रीत काही शतकं जुनी आहे. जपानच्या मोती-उत्पादक मिकिमोतोंना १८९३ मध्ये मिळालेले पहिले मोतीही कवचाला चिकटलेले, अर्धेच होते. ‘डिझायनर मोती’ हे नाव तेवढं नवं.

स्लाइड दाखवणारे सर उत्साही होते. त्यांच्या बोलण्यात ‘१८ महिने’ सारखं यायचं. १८ महिन्यांनी पीक, १८ महिन्यांनी पैसे. चॅटमध्ये लोक विचारत होते: सर, सबसिडी किती? सर, माल तुम्हीच उचलणार का? पहिल्या प्रश्नाला आकडा मिळाला, दुसऱ्याला ‘मार्केट खूप मोठं आहे’ एवढंच. ते मोठं आहे, पण त्यात चीनचे गोड्या पाण्यातले मोती स्वस्तात आणि ढिगानं येतात. शिवाय आखाती मोत्यांवर उभा राहिलेला मुंबईचा बाजार १९३० च्या दशकात कसा बसला, हेही आठवायला हवं. तेव्हा मंदी होतीच, त्यात जपानच्या संवर्धित मोत्यांनी भाव पाडले. हे स्लाइडवर नव्हतं.

प्रात्यक्षिकाला मोबाइल एका ताईंच्या हातांवर लावला होता. चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही. शिंपले तळहाताएवढे, आठ सेंटिमीटरांहून लहान घेत नाहीत. सर्जरीआधी दोन-तीन दिवस ते टाकीत दाटीवाटीनं ठेवलेले असतात. त्यानं कवच मिटून धरणारे स्नायू ढिले पडतात, म्हणजे सर्जरीला सोपं. ताईंनी दोन कवचांमध्ये बारीक फट पाडली, एक सेंटिमीटरही नसेल. ‘याच्या पुढं गेलं की स्नायू फाटतो,’ त्या म्हणाल्या. ‘मग शिंपला मिटत नाही, मरतोच.’

मग दुसरा शिंपला पूर्ण उघडला. हा दाता. त्याच्या मँटलच्या कडेची पट्टी काढून तिचे दोन-दोन मिलिमीटरांचे चौकोन केले. सुटा मोती हवा तर शिंपल्याच्या मँटलमध्ये नुसता मणी पुरत नाही, सोबत हा परका तुकडा बसवावा लागतो. त्याच्याच पेशी वाढून पिशवी बनते आणि नेकर पाझरवते. म्हणजे अशा मोत्याच्या मुळाशी ना थेंब, ना वाळूचा कण. दुसऱ्या शिंपल्याचं मांस असतं, आणि दाता त्यात मरतो. सर हे ओझरतं बोलून गेले. ताईंनी मात्र उघडलेला दाता बाजूला सारताना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर नाही टाकला. नंतरच्या सगळ्या कामात तो तिथंच दिसत होता.

पुढचे दहा दिवस जाळीच्या पिशव्यांत, प्रतिजैविकाच्या पाण्यात. रोज पाहायचं, मेलेले आणि मणी बाहेर टाकलेले वेगळे काढायचे. त्यानंतर तळ्यात साधारण मीटरभर खोलीवर पिशव्या टांगायच्या. कामाचा मोठा हिस्सा इथून सुरू होतो: पिशव्या घासणं, पाण्यात शेवाळ पुरेसं आहे का बघणं, मेलेले उचलणं. नेकरची एकेक पापडी साधारण अर्ध्या मायक्रॉनची. अर्ध्या मिलिमीटरच्या थराला अशा हजार पापड्या लागतात, आणि प्रकाश त्यांच्यातून खेळतो म्हणून मोत्यात रंग दिसतात. १८ महिने लागतात ते या थरांसाठी. शेततळं आटलं, पाणी तापलं, तर १८ महिन्यांचा हिशोब एका उन्हाळ्यात संपतो.

‘मेलेला ओळखायचा कसा?’ कुणीतरी विचारलं. सरांनी सांगितलं, कवच उघडं राहतं, बोट लावलं तरी मिटत नाही. ताई म्हणाल्या, ‘त्याच्या आधी वास येतो. एकाचा आला की पिशवीतला दुसरा लगेच वेगळा करायचा.’ मोबाइलवरून वास येत नाही, त्यामुळे हा धडा माझा अर्धाच झाला.

शेवटी एका मुलानं विचारलं, ‘ताई, पहिल्या वर्षी तुमचे किती मेले?’ सर ‘ते काळजीवर अवलंबून असतं’ असं सुरू करणार तेवढ्यात उत्तर आलं, ‘मोजायचं सोडून दिलं होतं.’ हात थांबले नव्हते. चॅटमध्ये थोडा वेळ कुणी काही लिहिलं नाही, मग सबसिडीचा प्रश्न पुन्हा आला.

प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी ईमेलनं मिळालं. मोत्यांच्या शेतीचं शिक्षण म्हणून असे कोर्स विकले जातात, पण शिकण्याजोगं त्यात असतं ते शिंपला जगवण्याचं. फी भरण्यापूर्वी उत्पन्नाचा आकडा नव्हे, त्या मुलाचा प्रश्न विचारावा. उत्तर सरांकडून नव्हे, शिंपले हाताळणाऱ्या माणसाकडून घ्यावं.